सरावाची टेप

कोल्हापुरातल्या शाहूपुरीच्या त्या औषधाच्या दुकानात मी मुद्दाम जायचे. आमच्या गल्लीपासून लांब, ओळखीचं कुणी भेटणार नाही असं ते दुकान. चिठ्ठी काउंटरवर पालथी ठेवायची, औषधवाला ती उलटून वाचायचा, आणि तेवढा वेळ मी समोरच्या टॉनिकच्या बाटल्या मोजत उभी राहायचे.

त्या दिवशी श्रावणातली भुरभुर होती. अर्ध्या रस्त्यावर ऊन, अर्ध्यावर पाऊस. माझ्या शेजारी एक जण येऊन उभा राहिला. अंगात कंपनीचा निळा शर्ट, खांद्यावर भिजलेला, कपाळावर एक ओली बट. त्यानंही आपली चिठ्ठी पालथीच ठेवली.

औषधवाल्यानं दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या, आत जाऊन आला, आणि भर दुकानात ओरडला, "ही बारकी पांढरी गोळी एकच पाकीट शिल्लक हाय! दोघांच्याबी चिठ्ठीत हाय. कुणाला देऊ?"

माझे कान तापले. ती बारकी गोळी कशाची, हे घेणाऱ्यालाच ठाऊक. डोकं ताळ्यावर ठेवणाऱ्या मोठ्या गोळीनं हात थरथरतात. ती थरथर थांबवायला ही बारकी. म्हणजे ज्याच्या चिठ्ठीत बारकी, त्याच्या चिठ्ठीत मोठीही असणारच. मी हळूच शेजारी पाहिलं... तोही माझ्याकडेच पाहत होता.

"पाच त्यास्नी द्या, पाच मला," तो शांतपणे म्हणाला. "कात्री हाय न्हवं?"

"निम्म्या घेऊन काय करू?" मी फणकारले.

"पाच दिस हात थांबतील की! सहाव्या दिशी परत या. मी बी येणार हाय."

"मी कशाला येतो परत?"

"मग बसा थरथरत."

आणि मी हसले. किती महिन्यांनी, ते आठवेना.

सहाव्या दिवशी मी गेले. अर्धा तास बाटल्या मोजल्या. तो आला नाही. परतताना माझाच मला राग आला. कशाला केस धुऊन आले होते मी?

हे सन दोन हजार दोनमधलं. माझं नाव पूर्णिमा. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मला वाटू लागलं की रेडिओवरचा एक निवेदक माझ्याशी बोलतो. गाण्याआधी तो जे चार शब्द बोलायचा, ते सगळे माझ्यासाठी. मी त्याला उत्तरं लिहायचे. एके दिवशी आईची ठेवणीतली साडी नेसून त्याला भेटायला निघाले, आणि आण्णांनी, माझ्या वडिलांनी, मला एसटी स्टँडवरून घरी आणलं. रडत. मी नव्हे, आण्णा रडत होते. मग दवाखाना, गोळ्या. आवाज थांबला. पण एक खोड कायमची राहिली — कुणी माझ्याबद्दल काही गोड बोललं की आधी माझा माझ्या कानांवर विश्वास बसायचा नाही. घरात गोळ्या रव्याच्या डब्यात असायच्या. आईच्या मते हे कुणाला कळता कामा नये. पोरीचं लग्न व्हायचंय.

डॉक्टरांनीच एका संस्थेचा पत्ता दिला. शाहूपुरीत, गुळाच्या अडतीवरची खोली. जिना चढताना गुळाचा कोवळा वास यायचा. तिथं आम्हा आठ जणांना शिकवणार होते. आठही जण हे आजार भोगलेले, गोळ्या घेणारे. आम्ही दवाखान्यातून घरी गेलेल्या माणसांना गाठायचं, त्यांच्या मुलाखती घ्यायच्या, त्यातून अहवाल तयार करायचा.

"डॉक्टरनं विचारलं की माणूस म्हणतं, बरं हाय साहेब," आमच्या शालनताई म्हणाल्या. त्या शिकवणाऱ्या. पांढरे केस, कडक इस्त्रीची साडी, आवाज मात्र सायीसारखा. "तुम्ही विचारलंत की खरं सांगेल. तुम्ही त्याच वाटेनं आलेले आहात."

आणि दारातून निळा शर्ट आत आला.

"आलासा?" तो माझ्याशेजारची खुर्ची ओढत म्हणाला. "त्या दिशी मला दुसरी पाळी लागली ओ. तुम्ही गेलतासा व्हय?"

"छे! मी कशाला जातो?"

"आसं? औषधवाला तर म्हणला, एक बाई धुतल्या केसांनी अर्धा तास उभी राहून गेली."

मी वहीत तोंड घातलं. वही उलटी होती.

त्याचं नाव प्रसेनजीत. गाव जयसिंगपूर, काम कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत लेथवर. त्याचा आजार माझ्या उलट. तो त्याला 'चढ' म्हणायचा. एकदा चढात तीन आठवडे झोपला नव्हता. एकेचाळीस छत्र्या विकत घेऊन भर चैत्राच्या उन्हात स्टँडवर लोकांना वाटत सुटला होता.

"लोकांनी घेतल्या?" मी विचारलं.

"घेतल्या की! कोल्हापूरचं पब्लिक. एकानं तर म्हणलं, पावणं, काळी नको, फुलाफुलाची दावा."

तो असा सगळं हसत सांगायचा. पण हसता हसता मधेच बोटांनी खुर्चीची कड घट्ट धरायचा, ते मी बघितलं होतं.

शिकवणीत तीन नियम होते. बोलणाऱ्याला मधे तोडायचं नाही. बोलणारं गप्प झालं तर मनात दहा मोजायचे, कारण खरं ते बहुतेक वेळा सात-आठच्या पुढं येतं. आणि तिसरा, सर्वांत मोठा : टेपवरचं टेपवर. ते माणूस नंतर रस्त्यात भेटलं, शेजारी राहायला आलं, तरी त्यानं स्वतः विषय काढल्याशिवाय आपण काढायचा नाही.

"आपल्या माणसांचं आजवर सगळ्यांनी चव्हाट्यावर आणलंय," शालनताई म्हणाल्या. "आपण आणायचं नाही."

आमच्यात एक बयाबाई होत्या. अकरा वर्षं दवाखान्यात काढलेल्या. प्रश्नावली ठरत होती : जेवण कसं होतं, औषधं वेळेवर मिळाली का, डॉक्टर बोलले का. बयाबाई कोपऱ्यातून एकदम म्हणाल्या, "माझी वेणी कापली. ढोपरापत्तुर हुती. उवा हुतील म्हणून कापली. मला इचारलं बी न्हाय."

पुण्याहून आलेले एक साहेब म्हणाले, "हो, पण त्याला आपल्या प्रश्नावलीत रकाना नाही."

"मग पाडा की रकाना," प्रसेनजीत म्हणाला.

"तसं चालत नाही. प्रश्न आधी तपासून..."

"साहेब," त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "आम्हाला शिकवून बसवलंय कशाला? तुमचेच प्रश्न तुमच्याच तोंडानं इचारायचे, तर आमची काय गरज? अकरा वर्सांत त्या बाईला कुणी इचारलं न्हाय. आता आपण तर इचारूया."

रकाना पडला. 'केस कापण्यापूर्वी तुम्हाला विचारलं होतं का?' पुढं दोन वर्षांत आम्ही चौऱ्याहत्तर बायांना तो प्रश्न विचारला, आणि किती जणी त्या प्रश्नाशी येऊन रडल्या, ते माझ्या वहीत आहे.

त्या दिवशी मी प्रसेनजीतकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. आणि बयाबाईंनी मला पाहताना पाहिलं. जिना उतरताना त्या माझ्यामागं गुणगुणल्या —

'सये माझ्या मनातलं, कुणाला मी सांगू
भरल्या बाजारात, मुक्यानं काय मागू...'

"काय ओ बयाबाई!" मी दटावलं.

"मी कुठं काय म्हणली? जात्यावरचं हाय ते."

मग रोजचं झालं. शिकवणी सुटली की कोपऱ्यावरच्या गाड्यावर चहा. दोघांचेही हात थरथरायचे, म्हणून अर्धाच कप मागायचा. सांडला तरी बशीत राहतो. गाडेवाला विचारायचा, "अर्धा-अर्धा का? भांडण हाय व्हय?"

"व्हय," प्रसेनजीत म्हणायचा. "ही रुसलीया. पुरा कप पाजला की बोलायला लागंल, म्हणून भीती वाटती."

"मी बोलतच नाही तुझ्याशी!"

"बघा... अर्ध्या कपातच एवढं."

कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं, कळलं नाही. कागलची गाडी लागली की तो धावत जाऊन पायरीवर चढायचा आणि वळून बघायचा. एकदाच. मी त्या एकदाच्या बघण्यावर दुसरा दिवस काढायचे.

आणि मग ती टेप आली.

खऱ्या मुलाखतींना बाहेर पडण्याआधी एकमेकांवर सराव करायचा होता. जोड्या लावल्या. मी विचारणारी, तो सांगणारा. छोटी खोली, मधे टेबल, टेबलावर टेपरेकॉर्डर. मी लाल बटण दाबलं. कॅसेट फिरू लागली.

त्यानं छत्र्या सांगितल्या. पण हसत नव्हता. दवाखान्याचं सांगितलं. नोकरीवर परत गेल्यावर डबा खायला शेजारी कुणी बसेना, ते सांगितलं. मी कागदावरचा पुढचा प्रश्न वाचला : "बरं वाटायला कशाची मदत झाली?"

"गोळ्यांची," तो म्हणाला. "आईची." मग गप्प झाला.

मी मोजू लागले. एक... दोन... खाली अडतीवर कुणीतरी गुळाची ढेप फोडत होतं. सात... आठ...

"एक मुलगी हाय," तो म्हणाला. टेपकडे बघत, माझ्याकडे नाही. "मी गप बसलो की ती मनात आकडे मोजती. तिचे ओठ हलत्यात, तिला ठावं न्हाय. ते ओठ हलताना बघितलं की मला वाटतं, कुणीतरी माझ्यासाठी थांबलंय. आजवर कुणी थांबलं न्हवतं. तिच्यासंगं जलम काढावा वाटतो."

दहा मोजायला तर आम्हा आठही जणांना शिकवलं होतं. त्यात चौघी बायका. तो कुणाचंही बोलत असेल. किंवा सराव म्हणून काहीतरी रचून सांगत असेल. किंवा... किंवा तो बोललाच नसेल, आणि माझ्या कानांनी पुन्हा आपलं जुनं काम सुरू केलं असेल. रेडिओवरचा तो निवेदकही असंच बोलायचा की. अगदी माझ्यासाठी. अगदी असंच.

कागदावरचा शेवटचा प्रश्न मी वाचला. "अजून काही सांगायचंय?"

त्यानं मान वर केली. ते डोळे अजून मला आठवतात. सगळी दारं उघडून उभं राहिलेलं घर असावं, तसे.

"न्हाय," तो म्हणाला. "एवढंच."

मी बटण दाबलं. खट्.

ती टेप उतरवून काढायचं काम माझ्याकडेच आलं. पुन्हा पुन्हा मागं नेऊन मी ते ऐकलं. शब्द होते. म्हणजे तो बोलला होता. पण कुणाबद्दल? नावं लिहायची नाहीत असा नियम, आणि त्यानं तर नाव घेतलंच नव्हतं. मी नियमानं लिहिलं : 'एक मुलगी आहे.' कंसात लिहिलं : 'शांतता.'

खरं सांगायचं तर सगळा दोष कानांवर टाकून मोकळं होता येणार नाही. प्रसेनजीत बौद्ध घरातला, आम्ही शेतकरी पाटलांच्या भावकीतले. त्याचं आडनाव आमच्या गल्लीत काढलं असतं, तर आईनं आधी दार लावून घेतलं असतं आणि मग रडली असती. कान खोटे असतील, असं मानलं की तो उंबरा ओलांडायची गरजच उरत नव्हती. ही पळवाट तेव्हा मला पळवाट वाटली नाही. आता वाटते.

दोन वर्षं आम्ही जोडीनं मुलाखती घेत हिंडलो. खेडी, वाड्या, गल्ल्या. तो पुरुषांशी बोलायचा, मी बायांशी. बांधावर बसून भाकरी खाल्ली. त्यानं एकदाही विषय काढला नाही. मीही नाही. टेपवरचं टेपवर.

अहवाल झाला. मोठ्या सभागृहात बयाबाईंनी तो रकाना स्वतः वाचून दाखवला, आणि पुढच्या रांगेतले डॉक्टर लिहून घेऊ लागले. त्याच आठवड्यात नागपूरच्या एका संस्थेनं प्रसेनजीतला बोलावणं धाडलं. तिथल्या लोकांना असंच शिकवायचं होतं. नोकरी पक्की.

स्टँडवर मी पोचवायला गेले. शेंगांची पुडी दोघांत. तो शेंगा फोडत होता, खात मात्र नव्हता. दाणे माझ्या ओंजळीत टाकत होता.

"जायचंच आसं काय न्हाय," तो म्हणाला. "सोमवारी हजर होतो म्हणून अजून कळवलेलं न्हाय."

"का?"

"आसंच..." त्यानं एक टरफल बोटांत फिरवलं. "पूर्णिमा, एक इचारू? समज, एकानं टेपवर कायतरी सांगितलं. आन दुसऱ्याला त्येचं उत्तर द्यायचं आसलं. तर?"

तो विषय काढत होता! त्यानं काढला की मला बोलायची मोकळीक होती. नियमच तसा होता. मी फक्त एवढंच विचारायचं होतं : ती मुलगी कोण?

आणि तो 'दुसरीच कोण' म्हणाला असता तर? मी परत आईची साडी नेसून स्टँडवर उभी राहिलेली वेडी झाले असते. त्याच स्टँडवर.

"नियम हाय की," मी म्हणाले. "आणि... ते सरावाचं होतं ना?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"व्हय," तो म्हणाला. "सरावाचंच हुतं."

गाडी लागली. तो पायरीवर चढला. त्या दिवशी तो वळला नाही.

पुढं घरात एक स्थळ आलं. मुलगा साखर कारखान्यात नोकरीला, देखणा. आई आतून डोळ्यांनी खुणावत असताना मी त्याला गोळ्यांचं सांगून टाकलं, अगदी डोसासकट. पाहुणे पोहे अर्धे टाकून उठले. आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मला मात्र आश्चर्य वाटत राहिलं. परक्या माणसाला तोंड उघडून सांगायला मला एक मिनिट लागलं होतं.

दोन हजार सातच्या डिसेंबरात मी त्याच खोलीत नव्या तुकडीची कागदपत्रं लावत होते. आता मी शिकवणारी झाले होते. आतल्या खोलीत बयाबाई चहा टाकत होत्या. जिन्यावर पावलं वाजली, आणि दारात प्रसेनजीत. थोडा भरलेला, चष्मा लागलेला. हातात निळ्या काठाच्या पत्रिकांचा गठ्ठा.

"बस की," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण कुठून तरी लांबून आला.

"लगीन हाय. जयसिंगपुरात, पुढच्या रविवारी." तो बसला. "नागपूरची हाय. शाळेत शिकवती. तिला समदं सांगितलंय, गोळ्यांचं, छत्र्यांचं."

"चांगलं केलंस."

"व्हय."

पंखा बंद होता. थंडीचं ऊन टेबलावर पडलं होतं. तो ऊन बघत बसला. मग म्हणाला, "त्या टेपचं तुला तवा कळलं न्हवतं व्हय?"

"कळलं होतं."

"मग?"

"मला वाटलं, माझं मलाच ऐकू येतंय. रेडिओसारखं."

तो एकदम माझ्याकडे वळला. मग हळू म्हणाला, "आन मला वाटलं, ऐकून गप बसली म्हंजे नको म्हणली. नियम तू कधी मोडत न्हाईस, ते ठावं हुतं. पर वाटलं... माझ्यासाठी एक डाव मोडशील."

"तुला टेपच्या बाहेर एकदा बोलता येत नव्हतं? चहाच्या गाड्यावर? बांधावर? एवढी बडबड करायचास!"

"भ्यालो." तो हसला, पण ते हसू नव्हतं. "छत्र्या वाटणारा माणूस प्रेमाचं बोलला की लोक म्हणत्यात, चढलं ह्येला परत. गोळी वाढवा. तू बी तसंच म्हणली आसतीस तर? टेपसमोर मी शांत हुतो, सगळ्यांना ऐकू येईल आसा शांत. म्हणून तिथं बोललो."

मला हसू आलं. तो बोलला तर आजार, मी ऐकलं तर आजार. इतकं शिकून, इतक्यांना विचारून, आम्ही दोघांनी एकमेकांना तेवढं विचारलं नव्हतं.

"प्रसेनजीत," मी म्हणाले, "एकदा सांग. आता काही होणार नाही त्यानं, मला माहीत आहे. तरी सांग. मोठ्यानं. टेपवर कुणाचं बोलत होतास?"

त्यानं हातातला पत्रिकांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. चष्मा काढला.

"तुझं," तो म्हणाला. "तूच हुतीस. दुसरी कोण न्हवतीच."

मी ऐकलं. आणि जुनी खोड... लगेच इकडं-तिकडं पाहिलं. कपाट. खिडकी. बंद पंखा. खरंच बोलला का तो? की...

आतून कपबश्या वाजल्या.

"तूच, म्हणला गं त्यो," बयाबाईंचा आवाज आला. "मी बी ऐकलं."

तो हसायला लागला. मग मी. हसता हसता मी पदर डोळ्यांना लावला, त्यानं उगाच चष्मा पुसला. बयाबाई तीन कप घेऊन आल्या, पण बसल्या नाहीत. आपला कप उचलून परत आत गेल्या आणि दार ओढून घेतलं.

चहा संपला. मग त्यानं गठ्ठ्यातली एक पत्रिका काढली. तिच्यावर नाव लिहिलेलं नव्हतं. खिशातलं पेन काढून त्यानं माझं नाव लिहिलं, सावकाश, आडनावासकट, आणि माझ्यापुढं सरकवली.

"येशील न्हवं?"

"येतो की," मी म्हणाले.